शेवाळाखालची नावे : फ्रँकलिन घराण्याचा एक्टन ते बोस्टन माग

१७५८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातल्या एक्टन या खेड्यात, चर्चच्या आवारातील काही जुन्या थडग्यांवरचे शेवाळ घासून काढण्यात आले. शेवाळ इतके दाट होते की, अक्षरे वाचताच येत नव्हती. तेथील रेक्टरच्या, म्हणजे गावच्या मुख्य धर्मोपदेशकाच्या, पत्नीने एक राठ ब्रश आणि पाण्याचे भांडे मागवले. पीटर नावाच्या माणसाने दगड घासून स्वच्छ केले. बिली नावाच्या तरुणाने त्यांवरील मजकूर उतरवून घेतला. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ते बिलीचे वडील अटलांटिक महासागर ओलांडून आले होते. त्यांचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

मित्रहो, पतंग, वीज आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा यांमुळे फ्रँकलिन आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आजच्या धाग्यात त्यांपैकी काहीही नाही. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या एका सामान्य घराण्याचा माग कसा लागतो, कोठे लागतो आणि कोठे अचानक तुटतो, एवढाच आजचा विषय आहे. त्यासाठी राजघराण्यांपेक्षा हे लोहारांचे घराणे मला अधिक उपयोगाचे वाटते. राजांच्या वंशावळी भाट आणि दरबारी लेखक राखतात; लोहाराची वंशावळ कोणीतरी मुद्दाम शोधावी लागते. शिवाय फ्रँकलिनने नुसते पूर्वज शोधले नाहीत, तर शोध कसा घेतला हेही पत्रांतून नोंदवून ठेवले. वंशावळ सापडणे आणि वंशावळीच्या शोधाची हकीकत सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी फारच क्वचित हाती लागते.

हा शोध त्याच्यापासून सुरू झालेला नव्हता. त्याचेच नाव धारण करणारा त्याचा चुलता, थोरला बेंजामिन, हा रेशीम रंगवण्याचा व्यवसाय करणारा, कविता रचणारा आणि स्वतःची लघुलिपी तयार करणारा एक विक्षिप्त पण गोड माणूस होता. उतारवयात तो बोस्टनला आपल्या भावाकडे येऊन राहिला आणि १७१७ साली त्याने एक्टनच्या फ्रँकलिनांची संक्षिप्त हकीकत लिहून काढली. पुतण्याच्या हाती पडलेला पहिला कागद तो हाच. पुढे १७३९ मध्ये फ्रँकलिनने वडिलांना आडनावाचे मूळ विचारले. वडील जोसाया यांनी दोनचार तर्क कळवले आणि वर असेही सुचवले की, आपल्या परिस्थितीतल्या माणसांनी मनाला थोड्या गुदगुल्या करून घेण्यापलीकडे या प्रकरणात फार शिरण्याचे कारण नाही. मेणबत्त्या ओतून सतरा मुले वाढवणाऱ्या माणसाचे हे उत्तर मला फार आवडते.

आडनावाचा अर्थ मात्र खरोखर बोलका आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फ्रँकलिन’ हे व्यक्तीचे नाव नसून एका वर्गाचे नाव होते. जो सरदार नाही, पण कोणाचा बांधील कूळही नाही, स्वतःच्या जमिनीचा स्वतंत्र धनी आहे, तो फ्रँकलिन. आपल्याकडे पाटील, देशपांडे, कुळकर्णी ही वतनांची नावे जशी पुढे आडनावे झाली, तसेच काहीसे तेथेही घडले. फ्रँकलिनने हा अर्थ आत्मचरित्रात आवर्जून नोंदवला आहे. स्वतंत्र माणसांचे कूळ असल्याचा त्याला अभिमान होता. हा अभिमान लक्षात ठेवा. पीटरकडे परत येऊ तेव्हा तो उपयोगी पडेल.

आता साधनांकडे वळू. इंग्लंडमधील साध्या माणसाच्या वंशावळीचा पाया १५३८ साली घातला गेला. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने त्या वर्षी आज्ञा काढली की, प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गावाने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. आज्ञा झाली म्हणून वह्या लगेच निघाल्या असे नाही. काही गावांनी चालढकल केली, काहींच्या वह्या साध्या कागदावर असल्यामुळे नष्ट झाल्या. पुढे १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवण्याचा हुकूम झाला आणि त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदींवर विशेष भर होता. त्यामुळे असंख्य गावांचा लिखित इतिहास त्या वर्षाच्या आसपासच उगवतो. एक्टनची वही १५५५ पासून सुरू होते असे फ्रँकलिन सांगतो. त्याआधी घराणे तेथे होतेच. तीनशे वर्षे तरी ते त्याच गावात होते असे चुलत्याच्या टिपणावरून त्याला कळले होते. मात्र १५५५ च्या अलीकडे नावे आहेत आणि पलीकडे केवळ ऐकीव गोष्ट.

या वह्यांविषयी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. त्या जन्ममृत्यूच्या नोंदी नव्हत, विधींच्या नोंदी होत. मूल जन्मले म्हणून वहीत आले नाही. त्याला चर्चमध्ये नेले म्हणून आले. ज्याने चर्चकडे पाठ फिरवली त्याची मुले वहीबाहेर राहिली. आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही हाच न्याय आहे. आमच्या घरी वडिलांनी आखलेली वंशावळ आहे. नऊ पिढ्या, सगळे पुरुष. त्यात पणजीचे नाव नाही. नाशिकच्या वहीत मात्र ते मिळाले, कारण ती पणजोबांबरोबर स्वतः गोदावरीवर गेली होती. जी गेली नाही ती खापरपणजी कोठेच नाही. वही कोणी, कशासाठी ठेवली हे कळल्याखेरीज तिच्यातील मौनाचा अर्थ लागत नाही, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

एक्टनचे फ्रँकलिन सुमारे तीस एकर स्वतःच्या जमिनीवर आणि लोहारकामावर जगत होते. भाता आणि ऐरण थोरल्या मुलाकडे जाई. बाकीच्यांनी दुसरा हुन्नर शिकावा, दुसरे गाव पाहावे. घराण्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. मेरी राणीच्या काळात, जेव्हा प्रॉटेस्टंटांना जाळले जात होते, तेव्हा खापरपणजोबांच्या घरी इंग्रजी बायबल होते. ते उघड्या अवस्थेत एका लाकडी स्टुलाच्या बैठकीखाली फितींनी बांधून ठेवलेले असे. म्हातारा ते स्टूल उलटे करून मांडीवर घेई आणि फितींखालून पाने उलटत घरच्यांना वाचून दाखवी. एक मूल दाराशी पहारा देई. धर्मन्यायालयाचा शिपाई येताना दिसला की स्टूल पुन्हा चार पायांवर उभे राही आणि बायबल त्याखाली नाहीसे होई. ही गोष्ट वहीत नाही, थडग्यावर नाही. चुलत्याच्या तोंडून ती पुतण्याकडे आली. तिची सत्यता तपासण्याचे साधन नाही. पण ज्या घराने ही गोष्ट दोनशे वर्षे जपली त्या घराचा स्वभाव तिच्यातून नक्कीच कळतो.

फ्रँकलिनचे आजोबा टॉमस १५९८ साली जन्मले. म्हातारपणी काम झेपेना तेव्हा ते बॅनबरी येथे आपला मुलगा जॉन याच्याकडे राहायला गेले. जॉन रंगारी होता. त्याच्याच हाताखाली धाकट्या जोसायाने उमेदवारी केली. आजोबा बॅनबरीतच वारले. त्यांचे थडगेही फ्रँकलिनने याच प्रवासात पाहिले. म्हणजे एक्टन सुटले ते अमेरिकेसाठी नव्हे, प्रथम काही कोसांवरच्या बॅनबरीसाठी. स्थलांतर बहुधा असेच घडते. समुद्र ओलांडणारा माणूस त्याआधी एखादे गाव ओलांडून बसलेला असतो.

१६८३ च्या सुमारास जोसाया पत्नी ॲन आणि तीन मुले घेऊन बोस्टनला निघून गेला. कारण धर्माचे होते, असे आत्मचरित्र सांगते. अधिकृत चर्चबाहेरच्या प्रार्थनासभांना तेव्हा कायद्याने बंदी होती आणि जोसायाचे काही परिचित न्यू इंग्लंडला निघाले होते. मला यावर शंका नाही, पण एवढ्यावर समाधानही नाही. ज्या गावात थोरला भाऊ तोच धंदा करतो तेथे तीन मुलांचा बाप असलेला धाकटा रंगारी किती दिवस टिकणार, हा प्रश्नही कोणीतरी विचारायला हवा. धर्म आणि पोट यांची फारकत इतिहासाच्या पुस्तकांत जेवढी सोपी असते तेवढी माणसांच्या निर्णयांत नसते. गंमत अशी की, बोस्टनला पोहोचल्यावर त्याचा रंगाऱ्याचा धंदा चालेना. साध्यासुध्या वसाहतीत रंगीत कापडाची मागणी फारशी नव्हती. तेव्हा जोसाया चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करू लागला. पहिल्या पत्नीची सात मुले झाली; १६८९ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी त्याने अबाया फोल्जर हिच्याशी विवाह केला. तिची दहा. या सतरांपैकी पंधरावे अपत्य आणि मुलग्यांमधले शेवटचे म्हणजे आपला फ्रँकलिन.

आईच्या बाजूची वाट वेगळी आहे. अबायाचे वडील पीटर फोल्जर १६३५ मध्ये, ज्या दशकात सुमारे वीस हजार माणसे इंग्लंडहून न्यू इंग्लंडला गेली त्या मोठ्या लोंढ्यात, नॉरिच शहराकडून आले होते. त्यांनी तेथील मूळ रहिवाशांची भाषा आत्मसात केली, नँटकेट बेटावर दुभाष्याचे काम केले आणि क्वेकरांच्या व बॅप्टिस्टांच्या छळाविरुद्ध स्पष्ट शब्दांत पद्य लिहिले. त्यांची पत्नी मेरी मॉरिल ही करारबद्ध नोकर होती. तिला करारातून सोडवण्यासाठी फोल्जरांनी वीस पौंड मोजले, अशी घराण्यातील परंपरा आहे. आपल्याकडच्या वाचकांना ‘गिरमिट’ हा शब्द ठाऊक आहे. जवळपास तोच प्रकार. आत्मचरित्रात फ्रँकलिन आजोबांच्या पद्याचे कौतुक करतो. करारात बांधलेल्या आजीच्या वाट्याला मात्र त्याने जागा दिलेली नाही.

१७५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचा प्रतिनिधी म्हणून फ्रँकलिन लंडनला आला तेव्हा तो कीर्तिमान शास्त्रज्ञ होता आणि जोसायाला जाऊन बारा वर्षे झाली होती. पत्नी डेबोरा समुद्राच्या भीतीने आली नाही. बरोबर मुलगा विल्यम, म्हणजेच बिली, आणि दोन गुलाम, पीटर आणि किंग, असे चौघे क्रेव्हन स्ट्रीटवरच्या घरात राहू लागले. पुढच्या उन्हाळ्यात पिता-पुत्रांनी पूर्वजांच्या गावाची वाट धरली. ६ सप्टेंबर १७५८ रोजी डेबोराला लिहिलेल्या दीर्घ पत्रात या प्रवासाचे सारे तपशील आहेत. ते पत्र मी कितीदा वाचले असेल, सांगता येणार नाही.

आधी ते वेलिंगबरोला गेले. तेथे थोरले चुलते टॉमस यांची एकुलती एक मुलगी मेरी फिशर राहत होती. ती फार म्हातारी झाली होती, शरीर थकले होते, पण एके काळची हुशारी लपत नव्हती. तिची एकच मुलगी तिशीच्या सुमारास अविवाहित वारली होती. म्हणजे थोरल्या शाखेचा प्रवाह या वृद्धेपाशी संपत होता. तिने चुलत्याची जुनी पत्रे चुलतभावाच्या स्वाधीन केली आणि इतर नातलग कोठे आहेत ते सांगितले. वंशावळ शोधणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा : प्रथम म्हातारी माणसे, मग कागद. कागद थांबतात. मेरी फिशर त्याच वर्षाच्या अखेरीस वारली.

वेलिंगबरोहून एक्टन तीनचार मैलांवर. पडझड झालेले जुने दगडी घर अजून ‘फ्रँकलिन हाऊस’ म्हणूनच ओळखले जात होते. त्यात शाळा भरत असे. जमीन मेरीच्या पतीने विकून टाकली होती आणि ती दुसऱ्या शेतात विलीन झाली होती. तेथून ते रेक्टर आयर व्हॅली यांच्याकडे गेले. रेक्टरने वही उघडली. दोनशे वर्षांचे जन्म, विवाह आणि दफन समोर आले.

आणि या वहीतून फ्रँकलिनला एक विलक्षण गोष्ट दिसली. तो शेंडेफळ होता हे त्याला माहीतच होते. पण त्याचे वडीलही शेंडेफळ, त्यांचे वडीलही, त्यांचेही, अशा पाच पिढ्या सर्वांत धाकट्या मुलाचा सर्वांत धाकटा मुलगा! मेरी फिशरला त्याने थट्टेने लिहिले की, घराण्यात कधी काळी एखादी इस्टेट असती तर ती मिळण्याचा संभव माझ्याइतका कमी दुसऱ्या कोणाचाच नव्हता. थट्टा खरी, पण तिच्यात इंग्लंड-अमेरिका स्थलांतराचे अर्धे मर्म आहे. ज्या समाजात घर, जमीन आणि ऐरण थोरल्याची, तेथे धाकटा चालू लागतो. जोसाया एक्टनहून बॅनबरीला आणि बॅनबरीहून बोस्टनला गेला. त्याचा धाकटा १७२३ मध्ये बोस्टनहून फिलाडेल्फियाला पळाला.

रेक्टरच्या पत्नी गप्पिष्ट आणि प्रेमळ. पूर्वी त्याच पॅरिशवर असलेल्या आर्चडीकन पामर यांची ती नात, त्यामुळे गावच्या आठवणी तिच्याकडे वारशानेच आलेल्या. तिने चुलते टॉमस यांच्या कथा सांगितल्या. हा लोहाराचा मुलगा दस्तलेखक झाला, परगण्याच्या न्यायालयात कारकून झाला. चर्चच्या मनोऱ्यात मंजुळ वाजणाऱ्या घंटा बसाव्यात म्हणून त्याने वर्गणी गोळा केली. त्या घंटा पाहुण्यांनी प्रत्यक्ष ऐकल्या. नदीच्या पुराने गावची कुरणे बुडत, त्यावर त्याने एक सोपा उपाय काढला. उपाय कोणाला कळेना, पण फ्रँकलिन म्हणतो तर होईल, अशी गावाची श्रद्धा होती. काही लोक त्याला थोडाफार मांत्रिकच समजत. पुतण्याला हे ऐकताना काय वाटले असेल! ढगांतली वीज बाटलीत उतरवणाऱ्या माणसाला कळत होते की, आपल्याआधी आपल्यासारखाच एक जण या खेड्यात होऊन गेला.

टॉमसचा मृत्यू ६ जानेवारी १७०२ चा. फ्रँकलिनचा जन्म ६ जानेवारी १७०६ चा. बरोबर चार वर्षांनी, त्याच दिवशी. विल्यम म्हणाला की, चुलते चार वर्षे उशिरा, त्याच दिवशी वारले असते तर लोकांनी हा पुनर्जन्मच मानला असता. (येथे एक खुलासा. या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे मूळ नोंदीत जानेवारीतील घटना आधीच्या वर्षात दिसते. त्याखेरीज अकरा दिवसांचा फरक. म्हणून फ्रँकलिनची जयंती आज १७ जानेवारीला पाळतात. जुन्या इंग्रजी नोंदी वाचताना जानेवारी ते मार्च या महिन्यांवर नेहमी बोट ठेवून थांबावे.)

मग ते सारे आवारात आले आणि ब्रश मागवला गेला.

या क्षणी आवारात असलेल्या तिघांचा विचार मी पुष्कळ केला आहे. फ्रँकलिनला पाच पिढ्या मिळाल्या. विल्यमने त्या लिहून घेतल्या, पण त्याची स्वतःची वंशावळ निम्मी कोरी होती. तो फ्रँकलिनचा विवाहबाह्य पुत्र. त्याची आई कोण हे त्या काळी जाहीर झाले नाही आणि आजवर इतिहासकारांना सापडलेले नाही. ज्या माणसाने वडिलांच्या पाच पिढ्यांचे थडगे वाचून टिपणे काढली, त्याच्या आईचे नाव एकाही कागदावर नाही.

आणि पीटर. त्या पत्रात त्याच्या वाट्याला एकच क्रियापद आले आहे, घासणे. तो कोठे जन्मला, त्याचे आईबाप कोण, त्यांना आफ्रिकेच्या कोणत्या किनाऱ्यावरून आणले, यांपैकी काहीच पत्रात नाही. लिहिणाऱ्याच्या मनात हा प्रश्नच उठलेला दिसत नाही. ‘स्वतंत्र माणूस’ असा अर्थ असलेल्या आडनावाचे थडगे एका गुलामाने धुतले, आणि हे विनोदाने नव्हे, व्यंगाने नव्हे, अगदी सहजपणे पत्नीला कळवले गेले. दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तसे करणे फार सोपे आहे. मला त्या सहजतेचे भय वाटते. पूर्वजांविषयी इतके कुतूहल असलेला, इतका सूक्ष्म निरीक्षक माणूस, आणि हातात ब्रश घेतलेल्या माणसालाही पूर्वज असतील ही गोष्ट त्याच्या नजरेस येत नाही.

पीटरचे जे थोडे कळते ते धन्याच्याच कागदांतून. इंग्लंडला निघण्यापूर्वी १७५७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात फ्रँकलिनने लिहिले होते की, आपल्या मृत्यूनंतर पीटर आणि त्याची पत्नी जेमायमा यांना मुक्त करावे. म्हणजे पीटर क्रेव्हन स्ट्रीटवर असताना महासागरापलीकडे त्याची पत्नी होती. १७६० च्या जूनमधील एका पत्रात पुन्हा उल्लेख येतो : पीटर अजून आपल्याजवळ आहे, त्याच्यात उणिवा आहेत, पण मी एका डोळ्याने पाहतो आणि एका कानाने ऐकतो, म्हणून आमचे बरे चालले आहे, अशा आशयाचा. त्याच पत्रात किंगची बातमी आहे. सुमारे दोन वर्षांपूर्वी, मालक बाहेरगावी गेले असताना, किंग लंडनच्या घरातून पळून गेला होता. तो पुढे सफोकमध्ये सापडला. एका बाईने त्याला आश्रय दिला होता, शाळेत घातले होते. तो लिहायला-वाचायला, व्हायोलिन आणि फ्रेंच हॉर्न वाजवायला शिकला होता. ‘सुमारे दोन वर्षांपूर्वी’ आणि ‘बाहेरगावी’ : महिने मोजून पाहा. १७५८ चाच उन्हाळा असावा, असे माझे मत आहे. पिता-पुत्र आपले मूळ शोधत होते त्या दिवसांत किंगने आपली वाट शोधली.

अमेरिकेत वंशावळींचा अभ्यास करणारे कृष्णवर्णीय संशोधक १८७० च्या ‘भिंती’विषयी बोलतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी यादी होती. तीत मालकाचे नाव आणि त्याखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण, एवढेच. नाव जवळजवळ कोठेच नाही. बहुसंख्य मुक्त झालेल्या माणसांची नावे राष्ट्रीय जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्या भिंतीपलीकडे जायचे तर मालकांची मृत्युपत्रे, विक्रीखते, मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. म्हणजे आपले पणजोबा कोणाच्या तरी गुराढोरांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या यादीत शोधावे लागतात. एक्टनची भिंत १५५५ ची होती, आणि तिच्या अलीकडे लोहारांची नावे तरी होती.

फ्रँकलिनच्या बाजूनेही एक नोंद केली पाहिजे. ज्याच्या छापखान्यातील वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात, तोच माणूस आयुष्याच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या दोन महिने आधी, गुलामगिरी संपवण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर त्याने सही केली. तो अर्ज काँग्रेससमोर गेला आणि फळ न देता राहिला.

तुलनेसाठी सांगतो, सर्वांनाच पूर्वजांची अशी ओढ नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना इंग्लंडचे मुख्य कुलचिन्ह-अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी त्याच्याकडे वंशावळीची चौकशी केली. १७९२ मध्ये त्याने विनयाने कळवले की, या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. त्याचा पणजा जॉन वॉशिंग्टन १६५६ च्या सुमारास व्हर्जिनियात आला होता. त्यापलीकडची कथा दुसऱ्यांनी जुळवली.

फ्रँकलिनने मात्र १७७१ मध्ये आत्मचरित्र लिहायला घेतले तेव्हा पहिल्याच पानावर हा प्रवास आठवला. ते सारे लेखन विल्यमला उद्देशून आहे. तू माझ्याबरोबर होतास, तुला आठवत असेल, अशा सुरात. विल्यम तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, राजाने नेमलेला. पाच वर्षांत सारे फिरले. वडील क्रांतीच्या बाजूला, मुलगा राजाच्या. १७७६ मध्ये विल्यमला अटक झाली. कनेक्टिकटच्या कैदेत असताना त्याची पत्नी न्यूयॉर्कला वारली आणि त्याला तिची भेटही मिळाली नाही. १७८२ मध्ये तो कायमचा इंग्लंडला गेला. १७८५ च्या जुलैत फ्रान्सहून परतताना फ्रँकलिन साउदॅम्प्टनला काही दिवस थांबला. पिता-पुत्रांची ती शेवटची भेट. मुख्य काम विल्यमची अमेरिकेतील जमीन त्याचा मुलगा टेंपल याच्या नावे करण्याचे होते. टेंपलही विवाहबाह्य, त्याच्याही आईचे नाव ठाऊक नाही.

१७८८ च्या मृत्युपत्रात फ्रँकलिनने विल्यमला नोव्हा स्कोशियातील जमिनीवरचा हक्क आणि त्याच्याजवळ आधीपासून असलेली पुस्तके व कागद ठेवले. कारणही स्पष्ट लिहिले : गेल्या युद्धात तो माझ्याविरुद्ध वागला, आणि ज्या मालमत्तेपासून मला वंचित करण्याचा त्याने प्रयत्न केला तिच्यातला अधिक वाटा त्याला का नाही, हे त्यावरून समजावे. फ्रँकलिनचा दुसरा मुलगा फ्रान्सिस चौथ्या वर्षी देवीने गेला होता. मुलगी सारा बाश हिचा वंश पुढे वाढला, पण तो बाश नावाने. पाच शेंडेफळांची ती सलग साखळी आडनावासह अमेरिकेत पुढे गेली नाही.

एक्टनच्या आवारात टॉमस आणि त्याची पत्नी एलिनॉर यांची थडगी अजून उभी आहेत. बोस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत जोसाया आणि अबाया यांच्यावर फ्रँकलिनने, सर्वांत धाकटा मुलगा म्हणून, दगड बसवला होता. तो झिजल्यावर १८२७ मध्ये नागरिकांनी तेथे स्तंभ उभारला. विल्यमला लंडनमध्ये जुन्या सेंट पँक्रस चर्चच्या आवारात पुरले. १८६० च्या दशकात मिडलंड रेल्वेचा मार्ग त्या दफनभूमीतून काढण्यात आला, असंख्य थडगी हलवण्यात आली आणि त्याच्या थडग्याची जागा आज दाखवता येत नाही.